मी बोलका पेन, ऐकायला शिकलेला

मी बोलका पेन बोलतोय. दचकू नका, बोलणं हाच माझा धंदा! मला शाई लागत नाही. पुस्तकाच्या पानावर टोक टेकवा, की त्या पानासाठी माझ्यात भरून ठेवलेला आवाज मी ऐकवतो.

कारखान्यात जन्मलो, दुकानाच्या काचेत बसून कंटाळलो आणि एका बस चालवणाऱ्या बाईंच्या घरी आलो. त्यांची ड्युटी संध्याकाळची. लेकीला गोष्ट सांगायच्या वेळी त्या रस्त्यावर! म्हणून त्यांनी हत्तीचं अख्खं पुस्तक आपल्या आवाजात माझ्यात भरलं.

लेकीला घरात सगळे भिंगरी म्हणत. मला ऐकून ऐकून ती ओळींवर बोट फिरवत सगळं पुस्तक घडाघडा म्हणू लागली. "पोरगी वाचायला लागली हो!" म्हणत बाबांनी शेजाऱ्यांना बोलावून बोलावून ऐकवलं. मीही फुशारलो.

मग एकदा आत्या आली. भिंगरीने चुकून दोन पानं एकदम उलटली, तरी मधल्या पानावरची गोष्ट तिच्या तोंडून चालूच! आत्याने एका शब्दावर बोट ठेवलं. "हे काय गं?"

भिंगरी म्हणाली, "तिथे आई बोलते."

माझा पार पोपट झाला! माझ्यामुळेच पोरीचं वाचन अडलं, याचं फार वाईट वाटलं. आता आपली रवानगी माळ्यावर, असं मी धरूनच चाललो.

पण आईने गोष्ट पुसली आणि माझ्यात प्रश्न भरले. "यात 'ह' कुठे आहे? बोट ठेव बघू." "पुढचा शब्द तू सांग, मी थांबते." थांबायची मला कुठली सवय! जीव कासावीस व्हायचा. भिंगरी चिडून मला उशीखाली कोंबायची, पुन्हा काढायची. बाबा शेजारी बसून अक्षरं जुळवून घ्यायचे.

एका दुपारी तिने मला आणि बेडकाचं नवं कोरं पुस्तक आईच्या पिशवीत टाकलं. या पुस्तकातली एकही ओळ आईने माझ्यात भरली नव्हती. "चहाच्या वेळी लाव. आधी नाही हं!"

डेपोत आईने टोक टेकवलं आणि माझ्यातून भिंगरीचा आवाज आला, तिने स्वतः वाचून भरलेला. "बे...डूक चि...चिख...लात बसला." भिंगरी अडली, मागे गेली, पुन्हा वाचून पुढे सरकली.

"तिला कुणी सांगितलं का गं मधे?" शेजारच्या ड्रायव्हरने विचारलं.

"कुणी नाही! माझी पोर वाचतेय!" आई डेपोभर सांगत सुटली. चहा तसाच राहिला आणि बस उशिरा सुटली.

आता माझं झाकण चिकटपट्टीवर टिकलंय, आवाज घोगरा झालाय, पण मी मजेत आहे. एवढंच मागणं आहे, आम्हाला मुलांच्या हाती जरूर द्या, फक्त त्यांच्या शेजारी तुम्हीही बसा. बरं, माझी बडबड पुरे. भिंगरी आता मला वाचून दाखवणार आहे.