काळजाला हळद

बेबीनंदा तिसऱ्यांदा आपल्या तोंडाकडे पाहते आहे हे लक्षात आलं, तेव्हा आदिनाथनं मोसंबीची फोड परत ताटलीत ठेवली. मुलासाठी मुलगी पाहायला आलेली बाई; तिनं राजनंदिनीकडे पाहावं, तिला चार प्रश्न विचारावेत. ही मात्र मुलीच्या बापाचेच डोळे निरखत होती.

मागच्या आठवड्यात त्याच्या भोकरदनच्या दुकानात एक अनोळखी माणूस आला होता. पाण्याच्या मोटारींचे भाव विचारले, मोटार घेतली नाही आणि जाता जाता, पहिल्यापासून हाच धंदा का, एवढं विचारून गेला. बोलण्यातून कळलं, तो कुंभार पिंपळगावचा. आजचे पाहुणेही तिथलेच. सोयरिकीआधी चौकशी सगळेच करतात, पण मोटारीचं निमित्त काढून करायची म्हणजे पाणी कुठंतरी मुरत होतं.

तरुणपणी आदिनाथ जालन्यात एका बँडमध्ये गायचा. बँडचं नाव 'पोलाद'. खांद्यापर्यंत केस, डोळ्यांत काजळ, ओठांना लिपस्टिक, चंदेरी विजार आणि कानठळ्या बसवणारी गिटार. परदेशी मेटल रॉक बँडांच्या कॅसेटी ऐकून चौघांना हे खूळ लागलं होतं. जालना लोखंडाचं गाव, तेव्हा मेटल इथं चालणारच, असा त्यांचा साधा हिशेब. चाललं ते भलतंच. मेटल बँड म्हणजे पितळी वाजंत्री समजून लोक लग्नाच्या सुपाऱ्या द्यायचे. एक कॅसेट निघाली, तिच्यातलं एक गाणं थोडंफार गाजलं आणि कारभार आटोपला.

मागे उरला त्या वेषातला एक फोटो. राजनंदिनीची पहिली सोयरिक त्या फोटोपायी मोडली. नाच्याच्या घरची पोरगी नको, असा निरोप आला होता. पोरगी कितीतरी दिवस धड जेवली नाही आणि आदिनाथला आरशात पाहायची लाज वाटायला लागली. म्हणून आज त्याच्या बायकोनं, शीतलनं, सकाळीच बजावलं होतं की पोलादाचं नाव तोंडातून काढायचं नाही.

"भाऊ," बेबीनंदा म्हणाली, "तुम्ही आधी गाणं म्हणत होते का? जालन्याच्या एका बँडात?"

शीतलनं घाईघाईनं चिवड्याची बशी पुढे केली. बेबीनंदाचे यजमान काकासाहेब मान खाली घालून चहा फुंकत होते. त्यांना हसू आवरत नसावं, असं आदिनाथला वाटलं.

"मी न्हाई," तो म्हणाला. "माझा चुलतभाऊ होता. तोंडवळा सारखाच आमचा."

"कुठं असतेत ते आता?"

"पुण्याला. आमचं बोलणं न्हाई."

राजनंदिनीनं एकदा बापाकडे पाहिलं, मान खाली घातली आणि पदर सारखा केला.

बेबीनंदा हिरमुसली. हे खरं की सोंग, ते आदिनाथला कळेना. मग ती आपल्याच लग्नाची गोष्ट सांगू लागली. तिचं माहेर शहागडचं. वडिलांनी वाजंत्री म्हणून जालन्याहून मेटल बँड ठरवला आणि मांडवात उतरले लिपस्टिक लावलेले चौघे. 'पोलादी काळजाला आग लागली' असं गाणं सुरू झालं, तशी तिची आजी उठून उभी राहिली. मांडवात आग म्हणतो का मुडद्या, म्हणाली. नवरदेवाकडचेही बिथरले. अपशकुन झाला, अक्षता थांबवा, अशी भाषा सुरू झाली.

आदिनाथला ती म्हातारी लख्ख आठवली. त्यानंतर मांडवभर उठलेलं हसूही आठवलं. त्या दिवशी तो ओठ पुसून एसटी स्टँडवर जाऊन बसला होता आणि पुन्हा कधी माईकला तोंड लावलं नव्हतं. तेव्हा हसलेली माणसं आता घरापर्यंत आली होती. त्याला संताप आला आणि पोरीची कीवही आली.

"पण तो गाणारा लई हुशार," बेबीनंदा म्हणाली. "थांबला न्हाई. तसाच ओरडत म्हणला, पोलादी काळजाला हळद लागली. पहिली माझी आजीच हसली, मंग सगळा मांडव. माझा जीव भांड्यात पडला, भाऊ. लग्न मोडायच्या बेतात आल्तं."

काकासाहेबांनी कप खाली ठेवला. त्यांच्या भावकीतल्या बायका अजूनही हळदीला तेच गाणं म्हणतात, असं ते सांगू लागले. लग्नानंतर त्यांनी बेबीनंदासाठी हौसेनं कॅसेट आणली, तर तिच्यातल्या गाण्यात हळदीऐवजी आग लागली होती. ही बाई दुकानदाराशी भांडून आली, डुप्लिकेट माल विकतो म्हणून.

आदिनाथ गप्प बसला असता तर निभावलं असतं.

"डुप्लिकेट न्हवती ती," तो म्हणाला. "वरिजिनल आगच होतं. हळद तर त्या टायमाला तोंडात आलं तसं म्हणून गेल्तो."

शीतलनं डोळे मिटून घेतले. आपण काय बोललो ते आदिनाथला तेव्हा कळलं. राजनंदिनी बापाकडेच पाहत होती आणि या वेळी तिनं मान खाली घातली नाही.

बेबीनंदानं त्याच्यासमोरच्या ताटलीतली मोसंबीची फोड उचलली आणि सावकाश तिच्या बिया काढल्या.

"मंग व्याही," ती म्हणाली, "तुमच्या चुलतभावाला पुण्याहून बोलवून घ्या. पोरांच्या लग्नात गाणं त्यांनीच म्हणायचं. आन् हळदच म्हणायची."