तुणीची पारख

महोगनीच्या कुळात तूण नावाचं एक झाड आहे. त्याच्या लाकडाला छान वास असतो, म्हणून त्याच्या पेटीत ठेवलेल्या कपड्यांना कसर लागत नाही. त्याच कुळातलं दुसरं एक लाकूड रंगाने, रेषांनी हुबेहूब तसंच, पण बिनवासाचं. आमच्या वखारीत दोन्हींचे ओंडके मिसळून यायचे. मी करवतीवर. मी फळी कापायचो, पारखी ताजा भुसा चिमटीत धरून हुंगायचा आणि ‘तूण’ किंवा ‘फालतू’ असं ओरडायचा. त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

खरं तर दोन वर्षांपूर्वीच्या तापात त्याचं नाक पार गेलं होतं. रॉकेल आणि गुलाबपाणी त्याला एकच. हे मालक सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. त्याची पोरगी शेजारीच भुसा झाडायची. तुणीचा वास आला की ती खोकायची, नाही आला की गप्प. खोकला ऐकून बाप मोठ्या रुबाबात हुंगायचा. आम्ही मनातल्या मनात हसायचो आणि गप्प बसायचो. कुणाच्या पोटावर पाय कशाला द्या?

मग पोरीला स्थळ आलं. रंगाच्या दुकानातला मुलगा, स्वभावाने गरीब, हिलाही पसंत. आठवडाभर ती गुणगुणत झाडत होती. मुलाची आई चौकशीला थेट वखारीत आली. लेक गेली की आपलं कामही गेलं, हे पारख्याला पक्कं कळत होतं. माझ्यासमोर तो त्या बाईंना म्हणाला, “लपवून काय करू, ताई? पोरीला दमा आहे. दिवसभर खोकते. विचारा कुणालाही.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. खोकते हे खरंच होतं की! आज लाज वाटते, पण हलवली.

स्थळ मोडलं. पोरगी घरी रडली असेल, वखारीत नाही रडली.

चार दिवसांनी पेट्या बनवणारं मोठं गिऱ्हाईक आलं. मालक स्वतः हजर. मी पहिली फळी कापली. पोरगी खोकली.

“तूण!” पारखी गरजला.

गिऱ्हाइकाने भुसा उचलून नाकाला लावला. पुन्हा लावला. “अहो, याला कसलाच वास नाही.”

मालक समोर आहे याचंही पारख्याला भान राहिलं नाही. तो लेकीवर धावला. “खोटं खोकलीस! कार्टे, मुद्दाम खोटं खोकलीस तू!”

मालकाला उमगायला फार वेळ लागला नाही. त्याने पोरीला एकेक चिमूट हुंगायला दिली. सात फळ्या, सातही बरोबर. त्याने पारख्याचं स्टूल पायाने तिच्याकडे सरकवलं.

“मालक, झाडू तरी माझ्या हाती द्या,” म्हातारा हात जोडून म्हणाला.

“मला काय विचारतोस? तिला विचार.”

पारखी लेकीकडे वळला. “बाळ,” म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

पोरगी स्टुलावर बसली, पदर नीट केला. बापाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

“मालक, माझं इथं कुणी नाही,” ती म्हणाली. “झाडायला तुम्हाला हवा तो ठेवा.”

मालकाने फाटकाकडे बोट दाखवलं.

“काका, करवत चालू करा,” ती मला म्हणाली. मी केली. म्हातारा फाटकापर्यंत काहीतरी बोलत गेला. करवतीच्या आवाजात एक शब्द ऐकू आला नाही, आणि खरं सांगतो, मला तो ऐकायचाही नव्हता.