अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा

बाबा विजेचे मीटर वाचायचे. एकदा एका कारखान्याच्या मीटरवर त्यांना ओळीने सात एक दिसले, १११११११. घरी आल्यावर चपला काढायच्या आधी म्हणाले, "हिला कशानेच भाग जात नसणार. मूळ संख्या आहे बघ!"

पण नुसतं म्हणून काय होतं? एक हजार चोपन्नपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायला हवं होतं. त्यापुढे बघायची गरज नाही, कारण त्याहून मोठ्या दोन संख्यांचा गुणाकार या आकड्याच्या वरच जातो. अशा मूळ संख्या एकशे सत्त्याहत्तर. अवघड शंभर बाबांनी घेतल्या, लहान सत्त्याहत्तर मला दिल्या. कॅल्क्युलेटरला बंदी. "दिवसभर यंत्राचंच ऐकतो, घरी तरी माझं डोकं चालू दे."

मी कॉलेजात होते आणि माझं डोकं भलतीकडेच होतं. पन्नास भागाकार इमानाने केले. मग कंटाळा आला, म्हणून उरलेल्या सत्तावीस संख्यांपुढे मनाला येईल ती बाकी ठोकून दिली. कोण बघतंय!

बाबांनी खरंच बघितलं नाही. इस्त्रीचा शर्ट घालून ते वही एका निवृत्त प्राध्यापकांना दाखवायला गेले आणि तोंड पाडून परत आले.

"सर म्हणाले, भाग जातो. चूक तुमच्याच वहीत आहे, शोधा."

त्यांनी आपले शंभर भागाकार पुन्हा केले. मग तिसऱ्यांदा केले. मी आपली चहाचे कप उचलत होते. शेवटी लाज वाटली.

"बाबा, माझेही तपासा ना."

"तुझे कशाला? तू शिकलेली." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "माझीच नजर गेली असणार. लोकांचे मीटरही चुकीचे वाचत असेन. उद्या साहेबांना सांगतो, मला फिरतीवरून काढा."

तिथेच बसून मी एक्कावन्नावा भागाकार केला. बाकी उरली. बावन्नाव्या संख्येने, दोनशे एकोणचाळीसने, भागलं. चार हजार सहाशे एकोणपन्नास वेळा भाग गेला आणि खाली शून्य आलं. कागद त्यांच्यापुढे ठेवला.

"गेला की!" बाबा लहान मुलासारखे हसले. मग त्यांनी माझं पान उघडलं. "दोनशे एकोणचाळीसपुढे हे चौदा कुठून आले?"

"मनाने लिहिले. पहिल्या पन्नासांच्या पुढचे सगळेच."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. साहेबांकडे काही ते गेले नाहीत. पण रविवारी नवी वही काढून त्यांनी दोनपासून सुरुवात केली, मग तीन, मग पाच.

"बाबा, भाजक सापडलाय ना? आता कशाला?"

"पहिले पन्नास खरे केलेस म्हणतेस," वर न बघता ते म्हणाले. "बघतो."

ते पन्नास खरेच होते. पण हे आता मी कोणत्या तोंडाने सांगणार होते?