दादाचं हूं

माझा भाऊ सन्मती नोकरीसाठी पुण्याला गेला, तेव्हा त्याचं 'हूं' आमच्या दिवाणावरच राहिलं. त्याला दोन वर्षं झाली. दादाच्या नेहमीच्या कोपऱ्यात, तक्क्याला टेकून ते बसलेलं असतं. मोठ्या लिंबाएवढं, हिरड्यांच्या रंगाचं आणि कायम ओलं. आप्पांनी एक परिच्छेद वाचला की ते मधोमध उघडतं आणि दादाच्या आवाजात "हूं" म्हणतं. शी! मी गुरांची डॉक्टर व्हायला निघाले आहे, उद्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालीन, पण ते लिबलिबीत तोंड उघडलं की मी मान फिरवते.

आमच्याकडे दर रविवारी दुपारी आप्पा मोठ्याने पुस्तक वाचतात. आम्ही शाळेतही जात नव्हतो तेव्हापासून. आता मी एकोणीस वर्षांची घोडी झाले, तरी वाचन चालूच आहे. नियम दोनच. ऐकणाऱ्याने हूं द्यायचं, नाहीतर वाचणारा थांबतो. आणि पुस्तक संपेपर्यंत मधून उठून जायचं नाही. दादा मधूनच गेला.

हे पुस्तक आणलं तेव्हा दोनशे चाळीस पानांचं होतं. त्यातली बाई पहिल्या पानावर गाठोडं घेऊन बंदराकडे निघते. आप्पा प्रत्येक पान उलटताना अंगठा जिभेवरून फिरवतात, चांगला मुळापर्यंत. त्या थुंकीने दोन पानं चिकटतात आणि पुढच्या रविवारी त्यांच्या मध्ये तिसरं आलेलं असतं. नवं पान कोमट असतं, त्याला बारीक लव असते. अक्षरं मात्र स्वच्छ छापलेली. आता पुस्तक उशीपेक्षा जाड झालंय आणि उघडलं की शिळ्या तोंडाचा वास येतो. बाई अजून वाटेतच आहे.

"आप्पा, थुंकी लावू नका हो," मी शंभरदा सांगितलं.

"मग पान उलटायचं कसं?" ते विचारतात. पालथ्या घड्यावर पाणी.

आई तर त्या हूंला रोज सकाळी चमच्याने दहीभात भरवते. "खाल्लं गं माझ्या लेकराने," म्हणत पदराने त्याचं तोंड पुसते आणि त्याच पदराने माझं ताट पुसून मला वाढते. मी महिनाभर घरात नीट जेवले नाही.

दादाचा फोन येतो तेव्हा तो एकटाच बोलत सुटतो. साहेब, खोली, मेसची भाजी. आपण काही सांगावं तर पलीकडे चिडीचूप, आणि मग पुन्हा त्याचीच टकळी. त्याला कुणाचं ऐकताच येत नाही. त्याचं लग्न ठरलं होतं, ते त्या मुलीने मोडलं. "भिंतीशी संसार कोण करणार?" ती मला म्हणाली. मी दादाला स्पष्ट सांगितलं, "दादा, तुझं हूं इथं पडलंय. ये आणि घेऊन जा." तो भाजीबद्दल बोलत राहिला.

माझी नागपूरची गाडी रविवारी साडेपाचला होती. कॉलेज सोमवारी सुरू होणार होतं. पुस्तक काही संपणार नव्हतं, आणि माझ्या तक्क्यावर महिन्यापासून एक ओला डाग पडायला लागला होता. पुसला की परत यायचा. गेल्या रविवारी त्याला मधोमध बारीक चीर दिसली. मला रडू आलं. माझं काहीही या घरात चमच्याने दहीभात खात बसायला नको होतं.

मग माझ्या डोक्यात आलं, वाचणारा कुठं हूं म्हणतो? जो हूं देत नाही, त्याचं मागे राहणार काय, कप्पाळ?

"आज मी वाचते," मी म्हटलं.

आप्पांचे डोळे भरून आले. "मोठी झाली गं पद्मा," ते आईला म्हणाले आणि पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. ते गरम होतं आणि हळूहळू फुगत, बसत होतं. मी फूटपट्टीने पानं उलटली. थुंकीचा थेंब लावला नाही. आप्पा हूं म्हणाले, आई हूं म्हणाली आणि कोपऱ्यातलं ते हूं म्हणालं. तिघंही एकदम. मी सपाट्याने वाचत गेले.

पावणेपाचला खाली रिक्षाचा हॉर्न वाजला. "बाईने गाठोडं उचललं आणि" एवढं वाचून मी पुस्तक मिटलं, दिवाणावर ठेवलं आणि उठले. तक्क्याकडे पाहिलं. कोरडा! डाग नाही, चीर नाही. माझा जीव भांड्यात पडला. दोघांना वाकून नमस्कार केला, बॅग उचलली. आई रडली नाही. आप्पांनी आशीर्वाद दिला नाही. दोघंही मी जिथं बसले होते त्या जागेकडे बघत होते.

मी जिना अर्धा उतरले तेव्हा वरून आवाज आला. "ती चालू लागली." आवाज माझा होता. स्वच्छ, न अडखळता. पाठोपाठ तीन हूं.

मी धावतच रिक्षात बसले.

"कुठं जायचं, ताई? स्टँड का स्टेशन?" रिक्षावाल्याने विचारलं.

स्टेशन, नागपूरची गाडी, साडेपाच. सगळं तोंडाशी होतं. मी तोंड उघडलं.

"हूं," मी म्हटलं.

"स्टेशन?"

"हूं."

"का स्टँड?"

"हूं."

मी हाताने स्टेशनची दिशा दाखवली. तो हाताकडे बघतच नव्हता, माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याचा चेहरा खुलला. त्याने रिक्षा बंद केली.

"असं ऐकणारं माणूस हल्ली मिळत नाही हो," तो म्हणाला. सीटखालून काहीतरी जाडजूड ओढून त्याने मांडीवर घेतलं, माझ्याकडे वळून नीट बसला आणि अंगठा जिभेवरून फिरवला, चांगला मुळापर्यंत.