तडा नसलेलं चाक

राळेगावात रुखमाबाईला नावानं कुणी ओळखत नसे. आरामशीनवाली बाई म्हटलं की शेंबडं पोरही घर दाखवी. तिचा नवरा देवराव गेला तेव्हा लोकांना वाटलं, आता बाई मशीन विकून टाकेल आणि फुलसावंगीला भावाकडे जाऊन राहील. पण दिवस उरकले, आणि बाईनं पदर खोचून ओंडक्याची ट्रॉली स्वतः ढकलायला घेतली. लाकूड कापून घ्यायला आलेले शेतकरी पहिल्यांदा लाजले, मग सरावले.

मशीनही काही ऐरीगैरी नव्हती. हिंगणघाटाकडचा एक कारखाना बंद पडला तेव्हा देवरावानं ती तिथून जुनी उचलून आणली होती. वर एक आणि खाली एक अशी दोन बिडाची चाकं, एकेक चाक माणसाच्या छातीला लागेल एवढं. खालचं अर्धं खड्ड्यात. दोन्ही चाकांवरून दातेरी पोलादी पट्टा भणाणत फिरे आणि बाभळीचा गाठाळ बुंधासुद्धा खरबुजासारखा चिरून टाकी. चाकांवरचं झाकण फुटलं तेव्हा देवरावानं एसटीची जुनी पाटी ठोकून बसवली होती. तिच्यावर 'राळे' एवढीच अक्षरं उरली होती, 'गाव' कापलं गेलं होतं.

ओंडका धरायला तांड्यावरचा डोंगरसिंग असे. भरदार, कमी बोलणारा माणूस. पट्ट्यापासून हातभर अंतरावर त्याचं तोंड असायचं, दिवसभर. रुखमाबाईला तो त्याच्या बोलीत 'याडी' म्हणे, म्हणजे आई, वयात फारसं अंतर नसूनही. देवराव गेल्यावर सुरू केलं होतं त्यानं ते.

आणि पट्ट्याला धार लावायला, तुटला तर जोडायला, चाकांची तब्येत बघायला पुंडलिकराव मिस्त्री. हा देवरावाचा तरुणपणापासूनचा जोडीदार. आसपासच्या सगळ्या आरामशिनी त्याच्या हाताखालून जात, पण राळेगावची मशीन तो आपली समजे. देवरावाच्या तिरडीला पहिला खांदा त्याचा होता. रुखमाबाई त्याला भाऊजी म्हणायची आणि शेडची दुसरी किल्ली त्याच्याकडे असायची. किल्ली कायले देली असं कुणी विचारलं असतं तर तिला प्रश्नच कळला नसता.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. भाव पडले, पीक अळीनं खाल्लं, आणि गावोगावची बांधकामं जोत्यावरच थांबली. जिथे कापूस विकून सागाची चौकट बसायची तिथे दाराला गोणपाट लटकू लागलं. बैलबंडीचा मोडका दांडा लोक तारेनं बांधून अजून एक साल ढकलत. आरामशीन कधी चाले, कधी आठवडाभर गप्प बसे. तरी रुखमाबाईनं ती बंद केली नाही. डोंगरसिंग रोज येई, काम नसलं तर भुसा भरे, आणि जाताना दोघं चहा पीत.

एका सकाळी पुंडलिकराव आला तो गंभीर चेहऱ्यानं. पट्टा उतरवून तो वरच्या चाकाजवळ बराच वेळ निरखत उभा राहिला.

"वहिनी, एक पोतं भिजवून आना बरं. चाक हालून राह्यलं, मांगून टेकू देतो."

तिनं हौदात पोतं बुडवलं, निथळतं तसंच आणून दिलं. त्यानं ते चाकामागे कोंबलं, वर लाकडाची पाचर मारली. मग हातोडी घेऊन चाकावर ठोकलं. थड्. दुसरीकडे ठोकलं. थड्.

"आयकलं? चांगलं बीड घंटीवानी वाजते. हे मडक्यावानी बोलून राह्यलं." त्यानं चाकाच्या आऱ्याजवळ बोट ठेवलं. तिथे काळपट, केसासारखी एक रेघ होती. "तडा गेला, वहिनी."

"मंग डागून घ्या."

"बिडाले डाग टिकत नाई. एखांद्या दिवशी जोरात फिरता फिरता फुटन." त्यानं डोंगरसिंगकडे पाहिलंही नाही, नुसती मान तिकडे केली. "अन् समोर कोन उभा राह्यते, थे तुमाले मालूम हाय."

डोंगरसिंग म्हणाला, "याडी, म्या जरा बाजूनं उभा राहीन. चालू दे."

"नाई. तुया लेकरायले मी कोनतं तोंड दाखवू?"

नवं चाक मिळत नाही, मिळालं तरी परवडत नाही, असं पुंडलिकरावानंच सांगितलं. विल्हेवाटही मीच लावतो म्हणाला. भंगाराच्या भावात मशीन गेली. ट्रक निघाला तेव्हा रुखमाबाई आत जाऊन बसली. पुंडलिकराव तिला धीर देत होता, "जीव वाचला एकाचा, असं समजा." तिनं तसंच समजून घेतलं. डोंगरसिंगला तिनं रडत रडत निरोप दिला. तो पांढरकवड्याला गेला, हायवेवर ट्रक भरायच्या कामाला.

पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस तो दारात येऊन उभा राहिला. अंगानं उतरला होता. तिनं पाणी दिलं, ते त्यानं ओट्यावर तसंच ठेवलं.

"मालकीनबाई," तो म्हणाला, आणि त्या एका शब्दानंच ती चपापली. "मले काढाचं होतं तं सरळ सांगाचं होतं. म्या काय भांडलो असतो?"

"काय बोलून राह्यला तू?"

"चाक फुटनार होतं ना? थे चाक फिरून राह्यलं. पांढरकवड्याच्या बाहेर, रामसिंगच्या आरामशिनीवर. काल तिथं लाकडं उतरवाले गेलतो. झाकनावर आपली पाटी हाय. राळे."

"दुसरी असन."

"मालकानं धरली, अन् आपल्या हातानं खिळे ठोकले म्या तिच्यात."

तडा, पोतं, थड् असा आवाज, सगळं रुखमाबाईनं त्याला पुन्हा पुन्हा सांगितलं. तो ऐकत होता, पण त्याच्या डोळ्यांत विश्वास नव्हता. आपण ज्याच्यासाठी मशीन घालवली तोच आपल्याला लबाड समजून राह्यला, हे तिच्या छातीत रुतलं. तिनं दाराला कडी लावली.

"चाल. मले दाखव."

वडकीला एसटी बदलून ते पांढरकवड्याला पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. रामसिंगची आरामशीन हायवेला लागूनच होती. आवाज लांबूनच आला, आणि रुखमाबाईला पाटी बघायचीही गरज उरली नाही. तरी तिनं पाहिली. मशीन निलगिरीचे ओंडके एकामागून एक चिरत होती, आधीपेक्षा जोरात.

रामसिंग भला माणूस निघाला. बाईला त्यानं खुर्ची दिली. परवाना त्याच्या बापापासूनचा होता, त्याची स्वतःची मशीन मोडली होती, आणि पुंडलिकराव मिस्त्रीनं ही आणून भागीदारीत बसवली, असं त्यानं सहज सांगितलं. बाई कोण ते त्याला ठाऊक नव्हतं.

"वरचं चाक बदललं का जी?" तिनं विचारलं.

"कायले बदलू? अस्सल माल हाय. आता असं बीड भेटत नाई."

दुपारी पट्टा बदलायला मशीन थांबली. पट्टा उतरल्यावर रुखमाबाई उठली, कुणी काही बोलायच्या आत तिनं तिथलीच हातोडी उचलली आणि चाकावर मारली. टण्ण. आवाज शेडभर घुमला, आणि बराच वेळ विरला नाही. तिनं दुसऱ्या बाजूला मारलं. टण्ण. आऱ्याजवळची रेघ तिनं पदरानं घासली, तर ती वंगणासकट पुसली गेली.

निथळतं पोतं तिच्या डोळ्यांपुढे आलं. चाकाचा गळा दाबणारं ते पोतं तिनंच भिजवून आणून दिलं होतं.

डोंगरसिंग तिच्याकडे बघत होता. त्यानं हातोडी तिच्या हातातून हळूच काढून घेतली.

तेवढ्यात धार लावायच्या खोलीतून पुंडलिकराव बाहेर आला. आवाज त्यानं ओळखला असणार. रुखमाबाईला बघून तो थबकला, हातातली कानस खाली ठेवली आणि फडक्याला हात पुसत राहिला.

"वहिनी, तुमी कवा आल्या?"

"काहून केलं असं?"

तो इकडे तिकडे बघू लागला. मग एकदम बोलला, "जनम गेला माया दुसऱ्याच्या मशिनीचे दात घासन्यात. तुमची मशीन तिथं भुसा खात पडली होती. मी इथं चालवून दाखवली का नाई?"

"मांगाची होती मंग."

"मांगतली असती तं देल्ली असती?"

रुखमाबाईनं खरंच विचार केला. "नाई. नसती देल्ली."

"थेच तं!"

"म्हून माया जिवाले ह्या मानसाच्या मरनाचं भेव घातलं? मी तुमाले चोरीही माफ केली असती मिस्त्री. रातीतून उचलून नेली असती तं बरं झालं असतं."

भाऊजी म्हणायचं ती विसरली नव्हती. मिस्त्री हा शब्द तिनं जाणून वापरला आणि तो त्याला लागलाही.

"एकच करा," ती म्हणाली. "डोंगरसिंगले सांगा, चाकाले तडा नव्हता अन् बाईले हे मालूम नव्हतं. ह्या समद्यायसमोर सांगा."

रामसिंग, ट्रॉलीवरचे गडी, सगळे बघत उभे होते. पुंडलिकरावानं खाली बघत म्हटलं, "तवा मले तडा वाटला होता. मानसाची नजर हाय, चुकते."

एवढंच. डोंगरसिंग त्याच्या अंगावर धावला, पण रुखमाबाईनं त्याचा हात धरला. तिला आता काहीच ऐकायचं नव्हतं.

रामसिंग संकोचला होता. मशीन परत मागू नका, म्या सरळ व्यवहार केला, असं तो दोनतीनदा म्हणाला. मग डोंगरसिंगकडे वळून म्हणाला, "तुले ह्या मशिनीचा हात हाय. ओंडका धराले मानूस पाह्यजेच मले. राह्यतो का?"

डोंगरसिंगनं रुखमाबाईकडे पाहिलं. ट्रक भरून भरून त्याचा खांदा उतरला होता. पण रोज सकाळी पुंडलिकरावानं लावलेल्या धारेसमोर उभं राहायचं होतं.

"राह्य," ती म्हणाली. "चाक चांगलं हाय. आता आपून दोघायनं आयकलं."

ती एकटीच एसटीत बसली. तो फाट्यापर्यंत आला, गाडी सुटेस्तोवर खिडकीखाली उभा राहिला.

गावात तिनं कुणापासून लपवलं नाही. जो विचारील त्याला सांगितलं. काही हळहळले. पण बरेचजण म्हणाले, "बाई, धंद्यात चालते असं. मिस्त्री हुशार निघाला." ह्या बोलण्यानं तिला पुन्हा एकदा फसवलं गेल्यासारखं वाटलं. देवरावाच्या बसण्याउठण्यातली माणसं होती ती.

शेडमध्ये मशिनीची मोटर मागे राहिली होती. दिवाळीनंतर एका पिठाच्या चक्कीवाल्याला ती हवी होती. त्यानं तपासायला गुंजन नावाचा एक तरुण वायरमन आणला. त्यानं मोटर उघडली, आत बघितलं, वास घेतला. "काकू, कॉईल जळली हाय."

"चालवून दाखव."

"चालनार कशी? जळली ना."

"मले वास नको सांगू. चालवून दाखव."

त्यानं तारा जोडल्या. मोटर हूं करून गप्प झाली. तरी तिचं समाधान झालं नाही. तिनं चक्कीवाल्याला परत पाठवलं, आणि यवतमाळहून दुसरा माणूस बोलावला. त्यानंही तेच सांगितलं, अगदी त्याच शब्दांत.

पुढच्या बाजारात गुंजन तिला भेटला. त्यानं सायकल थांबवली. रागात नव्हता, नुसतं विचारत होता, "काकू, मी कायले खोटं सांगू तुमाले?"

रुखमाबाईनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. पोराचा चेहरा स्वच्छ होता, हे तिला दिसत होतं. पुंडलिकरावाचाही तसाच असायचा. ती पुढे चालू लागली.