चेंडू धरणारा

"जेवायची परवानगी आहे का, सर?"

टॉलिव्हर मक्याच्या लापशीत लोणी कालवत बसला. समोर रिओस खुर्चीच्या अगदी कडेवर, हनुवटी आत ओढून, ताठ बसलेला. आमच्या लष्करी कॉलेजात पहिल्या वर्षाच्या पोरांचं डोकं आल्या आल्या भादरतात, म्हणून ते टकले. वरिष्ठाने हो म्हटल्याशिवाय टकल्याने घास उचलायचा नाही.

"कुठून आणलास रे हा पाय?" टॉलिव्हरने विचारलं.

"टेक्ससहून, सर."

"तिकडेच ठेवून यायचा होतास."

टेबल खिदळलं. रिओस तसाच ताठ.

"दे ना त्याला खायला," मी म्हटलं.

"माझी जागा खाल्लीय आज सकाळी. पोट भरलं असेल."

ते मात्र खरं होतं. गेली तीन वर्षं आमच्या अमेरिकन फुटबॉलच्या संघासाठी खांबांमधून चेंडू उडवायचं काम टॉलिव्हरचं. फार ग्रेट नव्हता, पण सरळ मारायचा. त्या सकाळी प्रशिक्षकांनी रिओसची लाथ पाहिली, शिट्टी तोंडातून काढली आणि म्हणाले, "हा मारेल. टॉलिव्हर, तुझे हात चांगले आहेत. तू चेंडू धर."

धरणाऱ्याने एका गुडघ्यावर बसायचं, पुढच्या रांगेतून मागे फेकलेला तो लांबट चेंडू झेलायचा, टोकावर उभा करायचा, वर एक बोट ठेवायचं. मग दुसरा धावत येऊन लाथ मारतो आणि स्टेडियम त्या दुसऱ्याचं नाव घेतं. शेवटच्या वर्षाला, ज्याने जागा घेतली त्याच्याच पुढे रोज गुडघा टेकायचा! टॉलिव्हर माझ्याच खोलीत राहायचा, त्यामुळे त्याची जळजळ मला दोन्ही वेळच्या जेवणासोबत मिळायची.

मोसम आमचा नेहमीसारखाच गेला, म्हणजे बेकार. जे थोडे सामने जिंकलो ते त्या टकल्याच्या पायावर. आमच्याकडे सगळे एकमेकांना आडनावाने हाक मारतात. टकल्याने काही कमावलं असं वाटलं की वरिष्ठ स्वतः हात पुढे करतो आणि आपलं पाळण्यातलं नाव सांगतो. त्यानंतर त्याला 'सर' म्हणायचं नाही. एकेक करून सगळ्या संघाने रिओसला आपापली नावं दिली. ऑक्टोबरात मीही दिलं. "हार्लन," म्हटलं. पोराच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"तूसुद्धा विकला गेलास, बॉइकिन," टॉलिव्हर खोलीत म्हणाला.

"अरे, मग देऊन टाक ना. नाव दिल्याने झिजतोस का?"

"मरेपर्यंत सर म्हणू दे त्याला."

गंमत अशी की रिओसला ते नाव ठाऊक होतं. टॉलिव्हरचे वडील ट्रॅक्टर दुरुस्त करायचे. दर शनिवारी ट्रक हाकत यायचे आणि कुंपणाला टेकून "क्लेटन, पाठ सरळ!" असं ओरडायचे. अख्ख्या मैदानाला ऐकू जायचं. पण ऐकलेलं नाव वेगळं आणि दिलेलं वेगळं.

एकदा सामना संपल्यावर याच वडिलांनी रिओसच्या पाठीवर थाप मारली. "काय लाथ आहे रे पोरा! जन्मात पाहिली नाही अशी!" टॉलिव्हर शेजारीच शिरस्त्राण हातात घेऊन उभा होता.

त्या रात्री तो जेवला नाही. "तीन वर्षं मारत होतो, बॉइकिन. 'बरी आहे' एवढंसुद्धा म्हणाला नाही माझा बाप."



शेवटचा सामना आमच्या हाडवैऱ्यांशी, म्हणजे शेजारच्या राज्यातल्या लष्करी कॉलेजाशी. त्याच्या आदल्या दिवशी सराव झाल्यावर टॉलिव्हर हातात चेंडू फिरवत गवतात बसला होता.

"ही शिवण बघ," तो म्हणाला. "ही समोर, खांबांकडे असावी लागते. पायाकडे राहिली तर चेंडू भरकटतो. आणि शिव्या कोणाला? मारणाऱ्याला. धरणाऱ्याकडे कोण बघतंय?"

"काय बोलतोयस तू?"

"काही नाही. शिवणीचं सांगतोय."

मला त्याची भीती वाटली, खरंच.

दुसऱ्या दिवशी अगदी शेवटापर्यंत आम्ही दोन गुणांनी मागे होतो. एकच लाथ उरली होती. बसली तर तीन गुण, हुकली तर वर्षभर तोंड लपवायचं. मी रांगेत वाकलो आणि पायांमधून मागे पाहिलं. टॉलिव्हर गुडघ्यावर होता. चेंडू वाईट आला, खाली, गवताला घासत. त्याने तो उचलून उभा केला तेव्हा शिवण सरळ रिओसच्या पायाकडे होती. कोणी काही म्हटलं नसतं. एवढ्या वाईट फेकीवर कोण काय म्हणणार?

समोरचे अंगावर आले आणि मला पुढचं दिसलं नाही. फक्त लाथेचा आवाज आला, नंतर सगळ्या मैदानाचा.

चेंडू मधोमध गेला होता. पोरांनी रिओसला खांद्यावर घेतलं. टॉलिव्हर होता तिथेच, गुडघा टेकून. रिओस धडपडत खाली उतरला, गर्दीतून वाट काढत आला आणि त्याच्यासमोर सावधानमध्ये उभा राहिला.

"सर, शिवण माझ्याकडे होती. तुम्ही फिरवलीत. मी बघितलं, सर."

टॉलिव्हरने मान वर केली. मग म्हणाला, "माझी लाथ तुझ्यापेक्षा सरळ जायची, टकल्या."

"हो, सर."

"तुझ्याहून कितीतरी सरळ."

"हो, सर."

टॉलिव्हर उठला. चिखलाचा हात त्याने पँटला पुसला आणि पुढे केला. दात खाऊनच केला, मी जवळ होतो.

"क्लेटन," तो म्हणाला.

कुंपणाजवळ त्याचे वडील टोपी हलवत घसा फोडून ओरडत होते. "रिओस! रिओस!"

क्लेटनने त्या पोराचा हात धरूनच ठेवला आणि तिकडे मान वळवली नाही.