धाकट्याचं भाषण

माझा धाकटा भाऊ बोलताना अडखळतो, आणि मी पडले फटकळ. त्याचं वाक्य मध्येच अडकलं की उरलेलं मी बोलून मोकळी. लहानपणापासून आमच्या घरात हे असंच. दुकानात तो "सा... सा..." करत उभा राहिला की मागून मी ओरडायची, "अहो, साबण द्या त्याला!" एकदा त्याला साखर हवी होती. बिचारा मुकाट्याने साबण घेऊन घरी आला.

अशा माणसाला सरकारने पकडलं, ते म्हणे भडकाऊ भाषण केलं म्हणून! हसावं की रडावं तेच कळेना.

झालं असं. देशात आणीबाणी लागली आणि धाकट्याच्या बस डेपोतल्या एका ड्रायव्हरला पोलीस उचलून घेऊन गेले. कुठे नेलं, कशासाठी नेलं, काही पत्ता लागेना. डेपोच्या गेटपाशी सगळे जमले खरे, पण साहेब बाहेर आल्यावर एकेकाची दातखीळ बसली. तेव्हा हाताला ग्रीस माखलेला आमचा धाकटा, तिथला मेकॅनिक, पुढे झाला आणि म्हणाला, "त्याला कुठे ठेवलंय?" संपलं भाषण. तेवढं म्हणेपर्यंत पोलिसांची गाडी येऊन उभीसुद्धा राहिली होती.

मी तडक वकिलांकडे गेले.

"त्याचा नेमका गुन्हा काय, ते तरी त्यांना विचारा," मी म्हटलं.

"सध्या ते सांगायचं बंधन नाही त्यांच्यावर."

"मग कोर्टात चला."

"बाई, हक्क राज्यघटनेत आहेत. पुसून नाही टाकलेत कुणी. पण आणीबाणी आहे तोवर ते मागायला कोर्टात जाता येत नाही."

"म्हणजे दुकान उघडं, माल मांडलेला, आणि गिऱ्हाईकाला आत सोडायचं नाही? असं मी केलं तर बायका माझ्या झिंज्या उपटतील!" माझं शिवणकामाचं दुकान आहे, मला असलंच सुचतं.

वकील हसले नाहीत. चष्मा काढून पुसत बसले. मला पहिल्यांदा खरी भीती वाटली ती तेव्हा.

त्यात घरी आई अंथरुणाला खिळलेली. डॉक्टरांनी मला जिन्यापाशी नेऊन हळूच सांगितलं होतं, कुणाला बोलवायचं असेल तर आता बोलवून घ्या. तिला बोलवायचा होता एकच जण. दार वाजलं की मान उचलून बघायची, आणि दूधवाला दिसला की पुन्हा उशीवर टेकायची. माझ्याच्याने ते बघवत नव्हतं.

आणि मग तुरुंगातून निरोप आला. लेखी हमी दिली तर धाकट्याला सोडतील. मला कोण आनंद झाला! आईच्या कानाशी जाऊन मी म्हणाले, "आज घेऊनच येते त्याला."

तुरुंगात एका टेबलाच्या अलीकडे मला बसवलं, पलीकडे त्याला, आणि मधल्या खुर्चीत जेलर. धाकट्याची दाढी वाढलेली, गालफडं बसलेली.

"आई क... कशी आहे?"

"वाट बघतेय तुझी. फार दिवस नाहीत रे." आडपडदा ठेवण्यात अर्थ नव्हता.

त्याने डोळे मिटून घेतले. जेलरने कागद पुढे सरकवला. तसा माणूस वाईट नव्हता. "सही कर आणि ताईबरोबर घरी जा," म्हणाला. कागदावर एवढंच होतं की यापुढे मी कुठल्याही जमावापुढे बोलणार नाही. मला तर हसूच आलं. तो कधी बोलत होता?

"मी स... स..." धाकट्याने सुरुवात केली.

"सही करतो म्हणतोय," मी म्हणाले. "द्या पेन."

त्याने टेबलावरून हात लांबवून माझा हात धरला आणि मान हलवली. नाही.

माझं डोकंच फिरलं. "अरे, आई तिकडे जीव मुठीत धरून पडलीये! तुला नाही म्हणायला काय जातं?"

तो रागावला नाही. नुसता बघत राहिला, ओठ हलवत, शब्द शोधत. आणि मला साबणाची वडी घेऊन दारात उभा राहिलेला तो पोरगा दिसला. त्याला काय हवंय, हे मी कधी विचारलंच नव्हतं. मी गप्प बसले. देवाशप्पथ सांगते, इतकं कठीण काम मी जन्मात केलं नव्हतं.

"सही करणार नाही, असंच ना?" जेलर घड्याळाकडे बघत म्हणाला.

"साहेब," मी म्हणाले, "त्याचं त्याला बोलू द्या."

धाकट्याच्या मानेची शीर ताठ झाली. एकेक शब्द ओढून काढावा तसा तो बोलत गेला. "मी... आत्ता क... कुठे ब... बोलायला लागलोय, ताई."

जेलरने कागद उचलला. धाकट्याला उठवून नेलं तेव्हा मी ढसाढसा रडले, त्याच्यासाठी, आईसाठी, आणि खरं सांगायचं तर अभिमानानेही. त्याच्या पाठीला हातसुद्धा लावू दिला नाही मेल्यांनी.

घरी आले. आईने मान उचलली. माझ्यामागे कोणी नाही हे तिने पाहिलं. थापा मारायच्या ठरवून आले होते, पण तोंडातून सगळं खरंच बाहेर पडलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. मी पुसत राहिले.

रडू ओसरल्यावर ती म्हणाली, "तू मध्ये बोलली नाहीस?"

"नाही गं."

"मग म्हणून दाखव. तो म्हणाला तसंच."

मी "मी" म्हणाले, आणि पुढे "आत्ता"पाशी मीच अडखळले. शब्द फुटेना. आईने माझा हात स्वतःच्या हातात घेतला.

"सावकाश म्हण," ती म्हणाली. "मला काही घाई नाही."